मक्याच्या शेतातील वेदी

(अभ्यासाचे शास्त्रभाग : १ राजे, अध्याय २१, यहोशवा, अध्याय २२, गणना, अध्याय २७. शिक्षकांनी हे तिन्ही अध्याय घरी वाचून यावे.)

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु ती शिकविताना पुष्कळ उपदेशकबंधू ईजबेलीच्या दुष्टपणापासून आरंभ करितात, आणि त्यामुळे त्या अध्यायाच्या प्रारंभीच्या तीन-चार वचनांकडे दुर्लक्ष होते. अहाब राजाने प्रथम काही जुलूम केला नाही. त्याने त्या मळ्याची पैशांत किंमत देऊ केली, नाहीतर बदल्यात त्याहून चांगला मळा देतो असेही म्हटले. बाजाराच्या दृष्टीने पाहिले तर हा सौदा वाईट नव्हता. नाबोथाने जो नकार दिला तो किंमत थोडी म्हणून दिला नाही. ती भूमी त्याच्या वाडवडिलांपासून आलेली होती, आणि ती आपल्या हातून घालविणे परमेश्वराला मान्य नाही अशी त्याची समजूत होती. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात भूमीचा खरा धनी कोण हे सांगितलेच आहे. आता जो स्वतःस धनी समजत नाही, केवळ वहिवाटदार समजतो, त्याच्यापुढे कितीही पैसे मांडिले तरी त्याने काय उत्तर द्यावे? अहाबाला हे उत्तर कळलेच नाही. तो घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

हाच प्रश्न आमच्या काळी अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यात काही रोमन कॅथलिक भगिनींपुढे उभा राहिला. ती हकीकत येथे विस्ताराने देत आहो. रोमन मंडळीचे उदाहरण आपल्या पत्रात कशास, असे कोणी विचारील. मतभेद आहेत ते आहेतच. परंतु शोमरोनी मनुष्याचे उदाहरण देताना आपल्या प्रभूने त्याचा पंथ आड येऊ दिला नाही, हे आपण दर वर्षी शिकवितोच.

'ख्रिस्ताच्या रक्ताच्या उपासिका' या नावाचा एक भगिनीसंघ आहे. मारिया दे मात्तियास नावाच्या स्त्रीने तो १८३४ साली इटलीतील अकुतो या गावी स्थापिला. त्या संघाची काही जमीन पेन्सिल्वेनियातील लँकेस्टर परगण्यात, सस्क्वेहॅना नदीकाठच्या कोलंबिया या गावाजवळ आहे. तेथे वृद्धांसाठी एक निवासगृह असून भोवतालचे शेत त्यांनी एका शेतकऱ्यास कसावयास दिले होते. त्यात मका पिकत असे. लँकेस्टर म्हणजे मोठा सुपीक मुलूख; घोडागाडीतून फिरणारे साधे आमिश लोक व मेनोनाइट शेतकरी ह्यांच्यामुळे तो प्रसिद्ध आहे. ह्या भगिनींनी २००५ साली आपल्या जमिनीविषयी एक लेखी निश्चय केला होता. भूमी ही देवाची देणगी आहे, ती पवित्र आहे, आणि पुढील पिढ्यांसाठी ती जपून ठेविली पाहिजे, असा त्याचा आशय. हे साल लक्षात ठेवावे, कारण पाइपलाइनीचा वाद पुष्कळ मागाहून आला. हा निश्चय काही वादासाठी रचिलेला नव्हता.

पाइपलाइन कसली, तेही सांगितले पाहिजे. पेन्सिल्वेनियाच्या भूमीखाली सुमारे मैलभर खोल मार्सेलस नावाचा काळ्या पाटीसारखा दगड पसरला आहे. त्याच्या बारीक चिरांत ज्वलनशील वायू कोंडलेला असतो. पूर्वी तो काढता येत नसे. सन २००४ च्या सुमारास तेथे नव्या रीतीने विहिरी खोदण्यास आरंभ झाला. प्रथम सरळ खाली छिद्र पाडावयाचे, मग ते दगडाच्या थरातून आडवे न्यावयाचे, आणि त्यात पाणी, वाळू व काही रसायने ह्यांचे मिश्रण अतिशय जोराने दाबून दगड तडकवावयाचा. एका विहिरीस कोट्यवधी लिटर पाणी लागते, आणि त्यातील जे परत वर येते ते खारट व दूषित असते. त्याच राज्याच्या उत्तरेस डिमॉक नावाचे खेडे आहे. १ जानेवारी २००९ रोजी तेथील एका घराच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत साचलेल्या वायूचा स्फोट झाला. त्या भागातील लोकांच्या पाण्याचा वाद पुढे तेरा-चौदा वर्षे चालला. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे खोदकाम करणाऱ्या कंपनीने आपण आरोप लढवीत नाही असे न्यायालयात सांगितले व नव्या नळाच्या पाण्यासाठी १ कोटी ६० लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले. ज्यांच्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते त्यांस ह्या गोष्टीचे मर्म निराळे समजावून देण्याची गरज नाही.

हा वायू दक्षिणेकडील राज्यांत नेण्यासाठी 'अटलांटिक सनराइज' नावाची जवळजवळ २०० मैलांची पाइपलाइन योजिली गेली. खर्च सुमारे ३०० कोटी डॉलर, आणि वाहून न्यावयाचा वायू दररोज १७० कोटी घनफूट. लँकेस्टरच्या बाजूस नळाचा व्यास ४२ इंच. म्हणजे दहा वर्षांचे मूल वाकून त्यातून चालू शकेल. ही पाइपलाइन भगिनींच्या मक्याच्या शेतातून जावयाची होती. ट्रान्सको नावाच्या कंपनीने त्यांस मोबदला देऊ केला. भगिनींनी सही केली नाही.

त्यांचे म्हणणे असे की, आम्ही जर आमच्या जमिनीतून हा नळ जाऊ दिला, तर जे आम्ही देवापुढे लिहून ठेविले ते आमच्याच हाताने खोडून टाकिल्यासारखे होईल. त्यांच्या मंडळीतही ह्याच सुमारास हा विषय निघाला होता. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' नावाचे परिपत्र काढून कोळसा, तेल व वायू ह्यांचा वापर क्रमाक्रमाने पण विलंब न लाविता सोडून दिला पाहिजे असे प्रतिपादिले होते. तथापि परिपत्र वाचणे निराळे आणि आपल्या बांधावर उभे राहून नाही म्हणणे निराळे.

अमेरिकेत अशा पाइपलाइनीस संघ-सरकारच्या ऊर्जा-नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि ती एकदा मिळाली की न देणाऱ्याची जमीनही कायद्याने घेता येते. मंडळाने ३ फेब्रुवारी २०१७ रोजी परवानगी दिली. त्यानंतर भगिनींनी शेजाऱ्यांच्या साहाय्याने त्या शेतातच, नळाच्या आखलेल्या वाटेवर, एक उघडी प्रार्थनास्थळी उभारिली. लाकडाचा मांडव, काही साधी बाके, एक लहानशी वेदी. भिंती नाहीत, घंटा नाही. ९ जुलै २०१७ रोजी त्या स्थळाचे समर्पण झाले, आणि निरनिराळ्या पंथांचे शेकडो लोक त्या शेतात जमले.

येथे वाचकांपैकी विचारी लोक एक शंका घेतील, व ती घ्यावीच. ही वेदी देवाच्या भक्तीसाठी होती की नळ अडविण्यासाठी? जी वेदी भक्तीच्या निमित्ताने दुसरेच काही साधावयासाठी बांधली जाते ती खरी वेदी होय काय? ही शंका फार जुनी आहे. यहोशवाच्या पुस्तकाचा २२ वा अध्याय उघडून पाहावा. रऊबेनी, गादी व मनश्शेचा अर्धा वंश ह्यांनी यार्देनेच्या काठी एक मोठी वेदी बांधिली. इस्राएलाच्या इतर वंशांना वाटले की हा देवद्रोह आहे, आणि ते लढाईसाठी जमले. परंतु लढण्यापूर्वी त्यांनी फिनहास याजक व दहा सरदार चौकशीस पाठविले, हे त्यांचे शहाणपण. तेव्हा कळले की ती वेदी होमार्पणासाठी नव्हतीच. नदीच्या पलीकडे राहणाऱ्यांच्या लेकरांस पुढे कोणी परके म्हणू नये, म्हणून ती साक्षीसाठी होती. आणि तिला तसेच नाव मिळाले. माझ्या मते कोलंबियाच्या शेतातील वेदीचा विचार ह्या अध्यायाच्या उजेडात करावा. ती साक्षीची वेदी होती. तिच्यामुळे नळ अडेल अशी आशा त्यांस असेलही. पण लपवून काही केलेले नव्हते. भर दिवसा, सर्वांस बोलावून केले.

समर्पणानंतर पाचच दिवसांनी, १४ जुलै २०१७ रोजी, भगिनींनी संघ-न्यायालयात फिर्याद लाविली. अमेरिकेत १९९३ चा एक कायदा आहे. सरकारने कोणाच्या धर्माचरणावर सबळ कारणावाचून मोठा भार घालू नये, असे त्यात आहे. त्याचा त्यांनी आधार घेतला. न्यायालयाने फिर्याद सप्टेंबरातच काढून टाकिली. ऑक्टोबरात यंत्रे शेतात आली. १६ तारखेस वाटेत उभे राहिलेल्या २३ जणांस पोलिसांनी धरिले. जुलै २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही खालचा निकाल कायम केला. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी नळातून वायू वाहू लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पुढे नुकसानभरपाईसाठी त्यांनी दुसरी फिर्याद केली, तीही २०२२ साली अपिलात संपली.

आता ह्या पाठाचा जो भाग मला सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो तो आला. त्या का हरल्या? त्यांची श्रद्धा खोटी आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. जमीन पवित्र मानणे हा वेडेपणा आहे असेही म्हटले नाही. त्या प्रश्नापर्यंत न्यायालय पोहोचलेच नाही. न्यायाधीशांनी म्हटले ते इतकेच, की वायूच्या कायद्याप्रमाणे अशी प्रत्येक हरकत प्रथम नियामक मंडळापुढे मांडावयाची असते. मंडळाचा हुकूम झाल्यावर ३० दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज द्यावयाचा असतो, आणि मगच अपील न्यायालयाकडे जाता येते. मंडळाच्या सूचना वेळोवेळी निघाल्या होत्या. भगिनींनी आपली धर्मविषयक हरकत मुदतीत मंडळापुढे नोंदविली नव्हती. दार एकच होते, आणि ते बंद झाल्यावर त्या दुसऱ्या दारावर ठोठावीत राहिल्या.

असे वाचून कित्येकांस राग येईल. ज्यांनी देवासाठी शेतात वेदी बांधिली त्यांचे म्हणणे एका कागदाच्या अभावी ऐकले जाऊ नये, हे कठीण वाटते खरे. परंतु ह्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि ती फार थोड्यांस ठाऊक असते. त्याच पाइपलाइनीच्या वाटेवरील दुसऱ्या काही जमीनधारकांनी व निसर्गरक्षक संस्थांनी मुदतीत मंडळापुढे हरकत नोंदविली होती, व फेरविचाराचा अर्जही दिला होता. मंडळाने काय करावे? 'विचारासाठी अधिक वेळ हवा' एवढेच लिहून अर्ज ठेवून दिला. निर्णय डिसेंबर २०१७ पर्यंत दिलाच नाही. आणि निर्णय नाही म्हणून त्या लोकांना न्यायालयात जाता येईना, मात्र कंपनीला जमिनीचा ताबा घेता येई, खणता येई. अर्जदार कोंडून पडले व नळ पुढे गेला. ही मंडळाची वर्षानुवर्षांची वहिवाट होती. ते लोक नेटाने लढत राहिले. ३० जून २०२० रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने निकाल दिला की ही वहिवाट कायद्याला धरून नाही. ३० दिवसांत मंडळाने उत्तर दिले नाही तर जमीनधारकाला न्यायालयाचे दार उघडे आहे. त्यांची स्वतःची पाइपलाइन रद्द झाली नाही. ती तोवर जमिनीत गाडली जाऊन तीतून वायू वाहत होता. पण त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यासाठी नियम बदलला.

सलाफहादाच्या पाच कन्यांची आठवण येथे होते. गणना २७ मध्ये त्यांची नावेही दिली आहेत, आणि शास्त्रात स्त्रियांची नावे सरसकट दिलेली नसतात. बाप पुत्रावाचून मेला, म्हणून त्याच्या नावाची भूमी जाणार होती. त्या घरी रडत बसल्या नाहीत. दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी जमलेली असताना त्या पुढे आल्या, आणि आपले म्हणणे थोडक्यात मांडिले. ज्या ठिकाणी निर्णय होतो त्या ठिकाणी, निर्णय होण्यापूर्वी. मोशेने ते परमेश्वरापुढे ठेविले, आणि केवळ त्या पाच जणींसाठी नव्हे तर सर्व इस्राएलासाठी विधी झाला.

आमच्या खेड्यांशी ह्याचा काय संबंध, असे म्हणाल तर संबंध दूरचा नाही. ह्याच पाइपलाइनीने येणारा वायू काही अंशी मेरीलँड राज्यातील कोव्ह पॉइंट बंदराकडे नेण्याचे करार झाले. तेथे तो थंड करून द्रवरूपाने जहाजांत भरितात, आणि त्या बंदराशी आपल्या 'गेल' कंपनीचाही दीर्घ मुदतीचा करार झाला आहे. अमेरिकेच्या दुसऱ्या एका बंदराहून आलेले गेलचे पहिले असे जहाज ३० मार्च २०१८ रोजी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथेच लागले. दाभोळहून बंगळूरकडे जाणारी वायूची पाइपलाइन २०१३ पासून चालू आहे. तेव्हा कोलंबियाच्या मक्याखालून गेलेला तो नळ आणि आपल्या ऊस-भाताखालून गेलेला नळ ही एकाच व्यवहाराची दोन टोके होत. येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या मायबहिणींनी आयुष्यभर ओल्या लाकडांच्या धुरात डोळे चोळले त्यांच्या घरी गॅसची टाकी आली ह्याचा मला आनंद आहे, आणि कोणी उपदेशकाने त्यांस त्याबद्दल दोष देऊ नये. पण जमिनीतून निघणारा हा वायू न जळता हवेत सुटला, तर पहिल्या वीस वर्षांत तो कोळशाच्या धुरातील अंगारवायूच्या सुमारे ८० पट हवा तापवितो, आणि पाऊस वेळेवर न आल्याचा भुर्दंड टाकी असलेल्या व नसलेल्या दोघांसही बसतो. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी लपवू नये.

आपल्या देशात जमिनीखालून तेल वा वायूचा नळ न्यावयाचा असेल तर १९६२ चा कायदा लागू होतो. त्यात जमीन मालकाच्या नावावरच राहते, मात्र तिच्या पोटातून नळ नेण्याचा हक्क सरकार घेते. त्या पट्ट्यावर पुढे घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खणता येत नाही, झाड लाविता येत नाही. पिकाच्या वगैरे नुकसानीखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या शेकडा १० इतका मोबदला मिळतो. राजपत्रात अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी लागते. आणि अशी हरकत देणाऱ्याचे म्हणणे अधिकाऱ्याने ऐकून घेतलेच पाहिजे, वाटल्यास वकिलामार्फतही. चंद्रपूर-यवतमाळकडे कोळशासाठी जमीन घेतात ती बहुधा १९५७ च्या कायद्याने. तेथे हरकतीची मुदत ३० दिवसांची आहे. एकवीस दिवस म्हणजे तीन रविवार. पहिल्या रविवारी बातमी कानावर येते, दुसऱ्या रविवारी तिच्यावर चर्चा होते, आणि तिसरा रविवार उजाडला की मुदत सरत आलेली असते.

हरकत दिली म्हणजे सर्व साधते असे मात्र कोणी समजू नये. झारखंडातील पाकूड जिल्ह्यात पचुवाडा नावाचा संताळांचा भाग आहे. तेथे केरळातून आलेली सिस्टर वल्सा जॉन ही रोमन कॅथलिक भगिनी राहत असे. कोळशाची खाण येणार असे कळल्यावर तिने संताळांस संघटित केले. न्यायालयापर्यंत लढा गेला, आणि शेवटी २००६ साली कंपनी व गावकरी ह्यांच्यात करार झाला. त्यात जमिनीच्या पैशांखेरीज शाळा, दवाखाना, पुनर्वसन ह्या गोष्टी होत्या. खाण थांबली नाही. मात्र गावाच्या हाती लेखी अटी आल्या. परंतु पैसा आला तेव्हा त्याच्याबरोबर भाऊबंदकीही आली. १५ नोव्हेंबर २०११ च्या रात्री जमावाने घरात शिरून सिस्टर वल्साला ठार केले. तिचे वय ५३ वर्षांचे होते. नाबोथाच्या गोष्टीतही त्याचा घात बाहेरच्या शत्रूने केला नाही; पत्र राजवाड्यातून आले, पण धोंडे त्याच्याच नगरातील वडील लोकांच्या सांगण्यावरून पडले. गावाची एकी ही कोणत्याही अर्जाहून आधीची गोष्ट आहे, आणि ती राखण्याचे काम आपल्या उपदेशकांच्या हाती आहे. मोबदला कोणास किती मिळाला ह्याचा हिशेब उघड्यावर, सर्वांसमक्ष वाचला गेला तर संशयाला जागा कमी राहते.

शिक्षकांनी हा पाठ एकाच रविवारी संपविण्याची घाई करू नये. पहिल्या रविवारी नाबोथ, दुसऱ्या रविवारी यार्देनेकाठची वेदी, तिसऱ्या रविवारी सलाफहादाच्या कन्या, असे तीन भाग केले तर बरे. वर्गात पुढील गोष्टींवर बोलणे व्हावे. अहाबाने देऊ केलेली किंमत योग्य असती आणि पुढचा खून झाला नसता, तर नाबोथाचा नकार हट्ट ठरला असता काय? भगिनींनी वेदी बांधिली ती वेळ गेल्यावर बांधिली. वेळेत अर्जही दिला असता, तर वेदीची गरज उरली असती काय? ज्या शेतकऱ्यांना कर्ज आहे, मुलीचे लग्न आहे, त्यांनी मोबदला घेतला तर मंडळीने त्यांच्याशी कसे वागावे? ह्या तिसऱ्या प्रश्नावर तरुणांस आधी बोलू द्यावे, वडिलांनी मागाहून.

चौथा रविवार यिर्मया ३२ साठी ठेवावा. शत्रूने यरुशलेमेस वेढा दिलेला असता, आणि स्वतः बंदीत असता, त्या संदेष्ट्याने अनाथोथ येथील शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतले. खरेदीखतावर सही केली, साक्षीदार घेतले, आणि मोहर केलेली व उघडी अशा दोन्ही प्रती बारूखाच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवावयास सांगितल्या. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने आपला सातबाराचा उतारा व आठ-अ सोबत आणावा. वारसांची नोंद राहिली आहे काय, मयत बापाचेच नाव अजून चालू आहे काय, बहिणींची नावे गाळली आहेत काय, हे उपासनेनंतर झाडाखाली बसून पाहावे. ज्यास वाचता येत नाही त्यास वाचता येणाऱ्याने वाचून दाखवावे. आणि तलाठ्याच्या चावडीवर व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर काय लागले आहे हे दर आठवड्यास पाहून येण्याचे काम मंडळीने एखाद्या तरुणाकडे किंवा तरुणीकडे नेमून द्यावे.